खोली नंबर नऊ

दिवसभर मी गुजरातीत बोलते.
गुजरातीत मला काही अवघड जात नाही.
केटला दिवसथी? बळतरा थाय छे?
बन्नेए साथे दवा लेवी पडशे, हं.
मकरपुऱ्याच्या फिटरला, रिक्षावाल्याला,
मिशी न फुटलेल्या कॉलेजच्या पोराला
लाकडी नमुन्यावर निरोध चढवून दाखवते,
टोक चिमटीत, हवा बाहेर,
वापरून झाला की गाठ मारून कचऱ्यात, संडासात नाही.
हात थरथरत नाही. चहा गार होतो तेवढाच.

मागच्या कपाटात औषधांचे डबे, रंगावरून ओळखायचे.
करडा लघवीतून पू येणाऱ्याला,
हिरवा, जिला पांढरं जातं तिला,
पांढरा न दुखणाऱ्या फोडाला
(न दुखणारा फोड लबाड असतो, आपणहून बरा होतो
आणि रक्तात जाऊन बसतो),
लाल पुन्हा पुन्हा उठणाऱ्या पुरळाला,
पिवळा ओटीपोटाला, काळा जांघेतल्या गाठीला.
काहींना रंगच नाही.
त्यांना रक्त तपासायला पाठवते.
सगळ्यात जास्त भीती मला
ज्यांना काहीच होत नाहीये त्यांची वाटते.

मराठीत ही नावं मी कुजबुजीत ऐकली.
गरमी. परमा.
काकांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं
आणि आई म्हणायची, त्यांना बाहेरचं झालंय.
बाहेरचं म्हणजे मला पाऊस वाटायचा, किंवा भूत.
आमच्या भाषेत शरीर गळ्यापाशी संपतं
आणि घोट्यापाशी पुन्हा सुरू होतं,
मधल्या मुलखाला म्हणतात तिथे, तसलं, ते.

मंगळवारी शिर्क्यांची सून आली, तेजल.
दांडिया बाजार, तिसरा महिना,
हातात प्रसूती विभागाची चिठ्ठी, रक्तात उपदंश.
माझ्या टेबलावरची पाटी वाचून म्हणाली,
ताई, तुम्ही आपल्यातल्या ना?
आणि वीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्या तोंडात शब्द सापडेना.

"मला कसं झालं? मी एकादशीसुद्धा मोडत नाही."

नवरा दहेजला, पंधरवड्याने घरी येतो.
मी त्याच्याबद्दल काही बोलले नाही. ते माझं काम नाही.
पाण्याचा ग्लास पुढे केला. मग म्हटलं,
उपवासाने येत नाही, उपवासाने जातही नाही.
योनीतून, लिंगातून, तोंडातून,
ज्याला आहे त्याच्याशी संबंध आला की येतं,
त्याला ठाऊक असो नसो.
सुई आहे. आठवड्याला एक, अशा तीन.
हे बाळापर्यंत पोचतं,
पण या खेपेला आपण आधी पोचलोय.
त्यालाही घेऊन ये. त्याने नाही घेतली
तर तुझी सुई फुकट, पुन्हा तेच.
तोवर निरोधाशिवाय नाही.
तो चिडला तर?
तर मला फोन कर. नंबर लिहून दिला.
तिने तो ब्लाउजमध्ये ठेवला नाही,
पर्सच्या आतल्या कप्प्यात, लायसन्सच्या मागे ठेवला.
योनी हा शब्द मी मराठीत म्हटला
आणि छत पडलं नाही.

शनिवारी दोघं आले. तो दारातच उभा,
बूट काढू की नको अशा तोंडाने.
आत या म्हटलं. इथे बूट काढायचे नसतात.

संध्याकाळी घरी सौमित्र बॅग भरत होता,
सुरतचं होस्टेल, दोन टॉवेल, आत्याच्या चकल्या.
माझ्या पर्समध्ये खोली नंबर नऊची दोन पाकिटं,
आणि मला वाटलं, शर्टांच्या घडीत सरकवून द्यावीत,
न बोलता, आईने मला अकराव्या वर्षी
जुन्या साडीच्या घड्या दिल्या होत्या तशी.
कॉटवर बसले.
कावीळ-बची तिसरी सुई राहिलीय तुझी, म्हटलं.
हो आई.
मुलींसारखीच मुलांनाही एक लस असते, मस्सा आणि कॅन्सरची,
तीही घेऊ.
बरं.
आणि दुसरं म्हणजे, लिंग—

त्याने पंखा पाचवर नेला.
मी आवाज वाढवला.